मदत हवी आहे: स्टाज (कंपनीतली इंटर्नशिप) आणि वर्णभेद, वर्गात विषय कसा काढू?

नमस्कार मंडळी. मी रॉटरडॅमला एमबीओत (आपलं आयटीआय समजा) इलेक्ट्रिकल शिकवते. वर्गात मोरोक्कन, तुर्की, सुरिनामी घरांतली मुलं, आणि चार-पाच गोरी डच. एरवी सगळे एकमेकांची टर उडवत एकाच पुड्यातले फ्राइज खातात. स्टाज शोधायची वेळ आली की चित्र पालटतं. एका मोरोक्कन मुलाच्या पॅनेल-वायरिंगला नावं ठेवायला जागा नाही, पण त्याच्या अर्जांना उत्तरच येत नाही. शेजारच्या डच मुलाला काकांच्या ओळखीने जागा मिळाली. तो अगदी निरागसपणे म्हणतो, "मी फक्त फोन केला."

स्टाजशिवाय डिप्लोमा नाही. एसबीबीकडे (एमबीओ आणि कंपन्यांना जोडणारी संस्था) भेदभावाची तक्रार करता येते, २०२३च्या स्टाजपॅक्टमध्येही (सरकार, शाळा आणि कंपन्यांचा करार) हा मुद्दा आहे. पण मुलं म्हणतात, "नाव खराब होईल."

गोऱ्या मुलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता हे वर्गात कसं बोलावं? नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमुळे आलेली मी, त्यामुळे वर्गातल्या मुलांच्या लेखी मीही सुखवस्तूच. (खोटं नाही ते.)

कुणी एमबीओत शिकवतं का, किंवा मुलं तिथे आहेत का? एखादी कृती, खेळ, काहीही चालेल. "मेहनत करा म्हणावं" हा सल्ला मात्र नको. पुढच्या आठवड्यात तास आहे.