‘खारजमीन’ आणि ‘खाजण’ : एकच की दोन?

प्रश्न (नेरुळ) :
नवी मुंबईच्या भूसंपादनाविषयीचे लेखन वाचताना ‘खारजमीन’, ‘खाजण’ आणि ‘पडीक’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. खाडीकाठच्या गावांत यांचे अर्थ वेगळे आहेत का? शिवाय ‘साडेबारा’ हा आकडा तिथे नामासारखा वापरतात, तो नेमका कोणत्या अर्थाने?

उत्तर (जासई) :
अर्थ वेगळे आहेत. भरतीचे पाणी अडवण्यासाठी मातीचा बांध घालून लागवडीखाली आणलेली ती खारजमीन, आणि बांधाबाहेरची, भरतीच्या पाण्याखाली जाणारी, तिवरांची (खारफुटीच्या झाडांची) चिखलट जागा ते खाजण. खारजमिनीत पावसाळ्यात भात होते, पण उन्हाळ्यात वर आलेले मीठ पहिल्या पावसांनी धुऊन निघाल्याशिवाय तिथे काही पेरता येत नाही. हे गोडे पाणी बाहेर जाते ते उघाडीतून. उघाडी म्हणजे बांधातली झडप : ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. बांध फुटला की ‘खांड गेली’ असे म्हणतात, आणि खांड वेळेत बुजवली नाही तर पुढच्या हंगामांचे भात जाऊन चांगल्या शेताचे खाजण होते. गोव्यात मात्र बांधाआतल्या लागवडीच्या जमिनीलाच ‘खाजन’ आणि झडपेला ‘मानस’ म्हणतात. गोंधळाचे एक कारण तेही असावे.

‘पडीक’ म्हणजे कसायची सोडून दिलेली जमीन. खाजण कधी कसले जातच नाही, पण निवट्या (चिखलातले छोटे मासे), चिंबोऱ्या (खेकडे) आणि कोलंबीवर घरे चालतात. तेव्हा त्याला पडीक म्हणणाऱ्याने ते ओहोटीच्या वेळी पाहिलेले नसावे.

‘साडेबारा’ची कथा वेगळी. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या भूसंपादनाविरुद्ध चाललेल्या आंदोलनावर आमच्या परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला देण्याची योजना आली. त्यातून पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा होतात, म्हणजे हाती पावणेनऊच पडतात, पण बोलण्यात ‘आमचे साडेबारा अजून अडकलेत’ असेच येते. नवी मुंबई विमानतळासाठी जमीन दिलेल्या गावांत तिथल्या साडेबावीस टक्क्यांच्या योजनेला याच चालीवर ‘साडेबावीस’ म्हणतात.

प्रश्नकर्ता (नेरुळ) :
आभारी आहे. मग खाजणात मासे पकडणाऱ्याच्या ‘साडेबारा’चे काय? त्याच्या नावावर जमीनच नसणार.

उत्तर (जासई) :
तिथेच तर अडते. टक्का काढायचा तर आधी सातबाऱ्यावर क्षेत्र हवे, आणि जाळे टाकणाऱ्याच्या नावे क्षेत्र नसते. म्हणूनच २०१५ चा राष्ट्रीय हरित लवादाचा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. उरणजवळच्या जेएनपीटी बंदराच्या विस्तारामुळे मासेमारी बुडालेल्या उरणच्या १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा तो आदेश होता. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले हे खरे, पण त्या आदेशातली भरपाई बुडालेल्या उपजीविकेची होती. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द एरवी जमीनमालकापुरता आखडून वापरला जातो. उरणच्या कोळीवाड्यांनी तो ताणून मोठा केला.

उत्तर (ठाणे) :
वरील अर्थ बोलीपुरते बरोबर आहेत, मात्र कागद वाचताना सावध राहावे. खारजमिनीच्या कायद्यात बांधाने राखलेल्या जमिनीची व्याख्या करताना तिला खार म्हणोत, खाजण म्हणोत वा खारेपाट, या सगळ्यांना एकाच पंगतीत बसवले आहे. त्यामुळे सरकारी कागदावर ‘खाजण’ दिसले म्हणून तिथे शेत नव्हते, असा निष्कर्ष काढता येत नाही. लेखनात नुसता शब्द न देता ‘बांधाआतील भातजमीन’ किंवा ‘बांधाबाहेरील तिवरांची जागा’ असे सरळ लिहावे, आणि सातबाऱ्यावरची नोंद अवतरणचिन्हांत जशीच्या तशी द्यावी.