क्यूब पास होत आहेत, तरीही रेती आणि पाण्याची क्लोराइड चाचणी पुन्हा करावी का?

प्रश्न : साइट लॅब, देवगड

नमस्कार. देवगड तालुक्यात खाडीलगत चाललेल्या मासळी लिलाव शेडच्या कामावर मी गुणवत्ता तंत्रज्ञ आहे. काँक्रीट एम ३० प्रतीचे (म्हणजे २८ दिवसांनी ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचे) असून क्यूबची, म्हणजे ताकद तपासण्यासाठी त्याच काँक्रीटच्या ओतलेल्या ठोकळ्यांची, २८ दिवसांची सरासरी ३६ ते ३८ न्यूटन येते. एका नमुन्यातील तीन क्यूबपैकी एकही सरासरीपासून १५ टक्क्यांहून दूर गेलेला नाही. रेती खाडीची आहे आणि ती धुतलेली असल्याचे पुरवठादार सांगतो. काँक्रीटसाठी आणि क्युअरिंगसाठी (ओतलेले काँक्रीट ओले ठेवण्यासाठी) आवारातील विहिरीचे पाणी वापरतो. ऑक्टोबरमध्ये त्यात लिटरमागे ४८० मिलिग्रॅम क्लोराइड निघाले होते, म्हणजे ५०० च्या मर्यादेत. परंतु होळीनंतर तेच पाणी मचूळ लागू लागले आहे. क्यूब पास होत असताना नव्या चाचण्यांचा खर्च कशाला, असे सुपरवायझर म्हणतात. त्यांना काय उत्तर द्यावे?

उत्तर १ : लॅबवाला, रत्नागिरी

त्यांना पहिल्यांदा हे सांगावे की क्यूबमध्ये सळई नसते. क्लोराइडमुळे काँक्रीट दुबळे होत नाही, सळईवरचा संरक्षक थर तुटतो आणि ती गंजू लागते. खारट पाण्याने तर सुरुवातीची ताकद थोडी लवकरच येते, त्यामुळे ७ दिवसांचा आकडा पाहून आपण उलट निर्धास्त होतो.

आता हिशेब पाहू. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटमध्ये सर्व घटकांतून येणारे आम्लविद्राव्य (आम्लात विरघळणारे) क्लोराइड मिळून घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त नसावे. समजा, आपल्या मिश्रणात ७२० किलो रेती असून तिच्यात ०.०६ टक्के क्लोराइड आहे, तर तिचेच ०.४३२ किलो झाले. १६५ लिटर पाण्यातून ४८० च्या दराने ०.०७९ किलो, आणि ३८० किलो सिमेंटमध्ये ०.०२ टक्के धरल्यास ०.०७६ किलो. बेरीज ०.५८७. पाणी मर्यादेत आणि सिमेंटही मर्यादेत, तरी एकूण बेरीज काठावर येऊन उभी राहते, आणि यात खडी व अ‍ॅडमिक्श्चर (मिश्रणात घालायचे रसायन) मी धरलेलेच नाही. विहिरीचा आकडा एप्रिलमध्ये ९०० वर गेला तर हीच बेरीज ०.६५७ होते. पाणी मचूळ लागते म्हणून आपले लक्ष पाण्याकडे जाते, पण मोठा वाटा रेतीचा आहे आणि आपल्या प्रश्नात रेतीचा आकडाच नाही.

पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून पांढरा साका पाहणे पुरेसे नाही. साधारण विहिरीचे पाणीही थोडे गढूळ होते. पोटॅशियम क्रोमेट सूचक वापरून टायट्रेशनच करावे, म्हणजे सिल्व्हर नायट्रेट मोजून घालत क्लोराइडचा आकडा काढावा.

उत्तर २ : खडी-रेती, मालवण

वरील हिशेबाशी सहमत आहे, मात्र नमुना कुठून घेतला त्यावर रेतीचा आकडा बराच बदलतो. पावसात उघड्यावर पडलेल्या ढिगाच्या वरच्या थरातील मीठ धुऊन जाते. उन्हात ओल वर चढून सुकली की तेच मीठ पृष्ठभागावर जमते. म्हणून वरचा हातभर थर बाजूला सारून, ढिगाच्या निदान पाच-सहा जागांहून रेती घ्यावी, ती एकत्र कालवून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत आणि पुन्हा तसेच करावे. ‘धुतलेली’ या शब्दावर मी तरी विश्वास ठेवत नाही. एका कामावर रेती खरोखरच धुतली जात होती, पण खाडीच्याच पाण्याने.

आणखी एक विचारतो : क्यूबच्या टाकीतले पाणी कुठले?

प्रश्नकर्ता : साइट लॅब, देवगड

टाकीत नळाचे पाणी आहे. खांबांना विहिरीचे.

उत्तर ३ : खडी-रेती, मालवण

टाकीत स्वच्छ गोडे पाणी हवेच, त्यात चूक नाही. पण क्यूब नळाचे पाणी पितो आणि खांब विहिरीचे, हे सुपरवायझरांना एकदा दाखवून द्यावे. जे पाणी मिसळायला चालत नाही ते क्युअरिंगलाही वापरू नये.

उत्तर ४ : लॅबवाला, रत्नागिरी

एक गोष्ट मघाशी राहिली. एम ३० आणि ४५ मिलिमीटर कव्हर (सळईवरील काँक्रीटची जाडी) हे किनारी हवेतील ‘तीव्र’ परिस्थितीसाठी आहे. लाटांचे तुषार थेट खांबांवर येत असतील तर परिस्थिती ‘अति तीव्र’ ठरते आणि तेथे किमान एम ३५ व ५० मिलिमीटर कव्हर लागते. शेड खाडीच्या तोंडापासून किती दूर आहे?

प्रश्नकर्ता : साइट लॅब, देवगड

सर्वांचे आभार. आज रेतीचा नमुना वर सांगितल्याप्रमाणे घेतला असून विहिरीच्या पाण्यासोबत तो चाचणीला पाठवला आहे; निकाल येईपर्यंत क्युअरिंगसाठी टँकर मागवण्यास सुपरवायझर तयार झाले आहेत. अंतराचे म्हणाल तर नकाशात शेड सुरक्षित दिसते, पण समोरच्या रांगेतील चार खांबांपर्यंत जुलै-ऑगस्टच्या उधाणात तुषार येतात असे इथले मच्छीमार सांगतात. त्या चार खांबांचे काँक्रीट अजून व्हायचे आहे. ते थांबवण्याविषयी डिझायनरना आजच लेखी कळवतो.