मदत हवी आहे : 'बूच' मराठीत आधी बाटलीसाठी आले की तोफेसाठी?

'बूच' पोर्तुगीज 'बुशा'वरून आले, इतके बहुतेकांना मान्य आहे. उच्चाराचा मेळही बसतो: जुन्या पोर्तुगीजमध्ये तिथे 'च'च होता, म्हणून तर आपल्याकडे 'शावी' न येता 'चावी' आली. शेवटचा 'आ' गळून शब्द नपुंसकलिंगी होणे हेही नवे नाही, 'पीपा'चे पिंप तसेच झाले.

माझे घोडे अडले आहे ते अर्थापाशी. पोर्तुगीज माणूस बाटलीच्या बुचाला 'रोल्या' म्हणतो आणि ज्या सालीपासून ते करतात तिला 'कोर्तिसा'. 'बुशा' म्हणजे मुख्यतः ठासून भरलेला बोळा. तोफेत दारूवर ठासतात तोही बुशाच! मग हा शब्द आपल्याकडे दारूच्या पिंपांबरोबर आला की दारूगोळ्याबरोबर? मला दुसरी शक्यता फार ओढून घेते, पण पुरावा हाती नाही.

छापील कोश पाहून झाले आहेत. त्यांत अर्थ आणि मूळ मिळते, जुना वापर मिळत नाही. बुचाच्या झाडाचा दाखला कृपया नको. त्याची साल बुचासारखी म्हणून ते नाव पडले, म्हणजे शब्द आधीचा.

मोडी कागदपत्रे वाचणाऱ्यांना खास विनंती. तोफखान्याच्या किंवा कोठीच्या यादीत, १८१८ पूर्वीच्या, 'बूच' कुणाला दिसले आहे का? असल्यास कोणत्या वस्तूंच्या शेजारी? आणि त्याच कागदांत 'दट्ट्या' किंवा 'बोळा' वेगळा नोंदलेला आहे का?