मदत हवी आहे: रात्री कॅमेऱ्यात माणूस दिसतो, पण ओळखू येत नाही

नमस्कार मंडळी,

गुहागरजवळ आमचं घर आहे. आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात. दोन वर्षांपूर्वी घराला कॅमेरे बसवून घेतले. दिवसा चित्र इतकं छान की पोफळीची झावळी न् झावळी मोजावी. रात्री मात्र सगळाच घोळ.

गेल्या आठवड्यात खळ्यातून असोल्या (सालासकट) सुपारीची दोन पोती गेली. रेकॉर्डिंगमध्ये रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी एक माणूस येताना दिसतो, पण चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका गोळा. हात हलला की मागे धूर सोडल्यासारखी शेपटी. बाबा म्हणतात, "अंगात पांढरा सदरा आहे, म्हणजे हा आपला गडीच." ते काका आमच्याकडे वीस वर्षं कामाला येतात. मला लहानपणी पाठंगुळीला घेऊन वाडीभर हिंडवलंय त्यांनी. बाबा अजून त्यांना काही बोललेले नाहीत, पण घरात दोन दिवस तोच विषय आहे. इतक्या धूसर चित्रावरून कुणाच्या माथी आळ यावा हे मला सहन होत नाही. म्हणून घाईने विचारतोय.

कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, बुलेट (नळीसारखा), लेन्स २.८ मिमी, डीव्हीआरला (रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला) केबलने जोडलेला. पडवीच्या वळचणीला, भिंतीला अगदी लागून बसवलाय. तिथून खळ्याचं टोक साधारण ९ मीटर. रात्रीच्या चित्रात डावीकडची भिंत चुन्यासारखी पेटलेली आणि बाकी खळं काळंमिट्ट. वृंदावनातली तुळस पांढरीफेक दिसते. लेन्ससमोर एक जाड पांढरी दोरी झुलते, ती म्हणजे कोळ्याचा एकच धागा! शिवाय मध्यरात्रीनंतर कॅमेरा मधूनच टक् टक् करतो आणि चित्र लुकलुकतं. बसवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो ५ मेगापिक्सेलचा घ्या. खरंच तेवढ्याने भागेल का?

प्रतिसाद १

मेगापिक्सेलच्या मागे आत्ता लागू नका. आधी भिंत चित्रातून काढा. कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. एक मीटरवर जेवढा पडतो त्याचा ९ मीटरवर ८१ वा हिस्साच उरतो. शेजारची पांढरी भिंत लखलखली की कॅमेऱ्याला वाटतं, उजेड भरपूर आहे, आणि तो सगळं चित्रच काळं करून टाकतो. कॅमेरा एक-दीड फूट पुढे काढा, थोडा खाली वाकवा. भिंत, वासे, कौलाची कड, काहीही चौकटीत येता कामा नये. समोरची काच ओल्या मऊ फडक्याने पुसा, समुद्राकाठी तिच्यावर खारट थर बसतोच. कोरडी घासू नका, चरे पडले की दिव्यांचा उजेड तिथूनच पसरेल.

आणि सर्वांत महत्त्वाचं: सदऱ्याच्या रंगावर अजिबात जाऊ नका. कॅमेरा रात्री ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा हा इन्फ्रारेड उजेड पाहतो. त्या उजेडात बरेच काळे-निळे कपडे फिकट, अगदी पांढरेसुद्धा दिसतात. तुळस पांढरी दिसते ती त्याचमुळे, हिरवी पानं तो उजेड जोरात परावर्तित करतात. स्वतःचे गडद कपडे घालून रात्री खळ्यात उभे राहून पाहा.

प्रतिसाद २

शेपटी येते ती संथ शटरमुळे. १/२५ सेकंदात चालणारा माणूस सुमारे पाच सेंटीमीटर सरकतो, मग चेहरा फिसकटणारच. मेनूत एक्स्पोजरमध्ये १/१०० करा. चित्र जरा काळोखेल, तो उजेड बाहेरून द्यावा लागेल. 'थ्रीडी डीएनआर' (चित्रातले कण पुसणारी सोय) असेल तर तो मधल्या पायरीवर आणा. फार वाढवला की कण जातात खरे, पण हलणाऱ्या माणसामागे भूत राहतं.

टक् टक् बद्दल: दिवस-रात्र बदलताना लेन्समागची काच सरकते, तिचा तो आवाज. मला वीज कमी पडत असल्याची शंका येते. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त करंट ओढतो आणि लांब बारीक वायरीत व्होल्टेज गळतं. दिवे चालू असताना कॅमेऱ्याच्या टोकाला व्होल्टमीटर लावून बघा.

आता लेन्स. २.८ मिमीची ९ मीटरवर साधारण २० मीटर रुंदी पाहते. १९२० पिक्सेल त्यात वाटले की मीटरला शंभरसुद्धा येत नाहीत, म्हणजे चेहऱ्याला जेमतेम पंधरा. अनोळखी माणूस ओळखायला मीटरला अडीचशे लागतात. ६ मिमीची लेन्स कमी रुंदी पाहते, ती घेतलीत तर तिथेच दोनशेच्या पुढे जाल. ५ मेगापिक्सेल घेऊन लेन्स तीच ठेवलीत तर फरक थोडाच पडेल.

धागाकर्ता

मंडळी, शनिवारी गावी जाऊन आलो. मीटर लावला, दिवे लागल्यावर बाराच्या जागी ९.८ व्होल्ट! जाड वायर ओढून घेतली, आता ११.६ येतात आणि टक् टक् थांबली. कॅमेरा लाकडी पट्टीवर दीड फूट पुढे आणला. खळ्याचं टोक प्रथमच दिसलं.

कपड्यांचं मात्र आधी सांगायला हवं. रात्री दहा वाजता काळी ट्रॅकपँट आणि गडद निळा टीशर्ट घालून मी सुपारीच्या ढिगापाशी उभा राहिलो. बाबांना आत टीव्हीसमोर बसवलं होतं. पडद्यावर मी डोक्यापासून पायापर्यंत फिकट! बाबा बाहेर आले, माझी बाही चिमटीत धरून विजेरीच्या उजेडात पाहिली, परत आत जाऊन पडदा पाहिला. असं दोनदा केलं. मग म्हणाले, "मी त्याला काही बोललो नाही ते बरं झालं." तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

आता एकच अडलंय. वेगळा इन्फ्रारेड दिवा लावू की हालचालीवर लागणारा साधा एलईडी? आई म्हणते उजेडच लावा, रात्री बाहेर पडताना जनावर तरी दिसेल.

प्रतिसाद ३

आईंचं ऐका. साधा उजेड पडला की कॅमेरा रंगीत होईल आणि सदऱ्याचा रंगही खरा कळेल. फक्त दिवा कॅमेऱ्याशेजारी नको, किडे लेन्ससमोर नाचतील. खळ्याच्या बाजूला, वृंदावनापलीकडच्या खांबावर, आठ-नऊ फुटांवर लावा, तोंड ढिगाकडे. माणूस तुमच्या आवारात कुठून शिरतो? वाट ठरलेली असेल तर ६ मिमीचा दुसरा कॅमेरा तिथेच छातीच्या जरा वर लावा. वळचणीवरून टोपी घातलेल्या माणसाची टोपीच दिसते.

धागाकर्ता

बेड्याकडूनच (फाटकाकडून) शिरतो, दुसरी वाट नाही. खांब आहे, वायर पोचते. पुढच्या रविवारी करतो आणि रात्रीचं चित्र इथे टाकतो.