पाणी तापलं म्हणून गळ गुंडाळायचा? मग खानदेशात गळ टाकायचा कधी?

वरणगावकर
आपल्या गळवाल्या मंडळातले एक सदस्य हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट पकडून आले. आनंद आहे. पण आल्या आल्या फर्मान काढलं: "पाणी 20 अंशांवर गेलं की माशावर ताण येतो, पकडून सोडला तरी मरतो. तेव्हा आपणही होळीपासून मृगापर्यंत गळ बंद ठेवावा." दोन दिवस गप्प बसलो. आज लिहितोच.

अहो, 20 अंश! भुसावळला मे महिन्यात माठातलं पाणी 20 होत नाही, तापीचं कुठून होणार? मागच्या रविवारी हतनूर धरणाच्या खाली, फिशटँकमधला थर्मामीटर दोरीला बांधून डोहात सोडला. पहाटे 5 ला 27, दुपारी 2 ला काठाशी 34. (घरातला तापाचा नेणार होतो, पण तो 35 च्या खाली बोलतच नाही.) तुमच्या हिशेबाने तापीत एकही मासा जिवंत नसायला हवा. त्याच दिवशी सव्वा किलोचा मरळ लागला.

मरळ म्हणजे ट्राउट नव्हे. त्याला वरची हवा ओढायची सोय आहे. पाणी कितीही कोंदट असो, तो वर येतो, गुळणी टाकतो आणि खाली जातो. गुळणी दिसली की दोन हात पुढे गळाला लावलेला बेडूक टाकायचा, हे आजोबांनी शिकवलं. आणि तीर्थनला बंदी कधी असते तेही सांगा ना. 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर! कारण ट्राउट थंडीत अंडी घालतो. सरकारी बंदी थंडीची, आणि आम्हाला उन्हाळ्यात घरी बसवता?

तीर्थन रिटर्न
फर्मान नव्हतं, विनंती होती. असो.

थंडीतली बंदी विणीसाठी, तो मुद्दा तुमचा. पण उन्हाळ्याचा नियम मी मनाने काढलेला नाही. अमेरिकेत मोंटानात पाणी सलग तीन दिवस 73 फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 23 अंशांना पोचलं, की दुपारी 2 पासून मध्यरात्रीपर्यंत नदीवर गळ टाकायला मनाई करतात. कारण साधं आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: 10 अंशांना लिटरमागे 11 मिलिग्रॅमच्या वर, 30 अंशांना साडेसात. आणि नेमकं तेव्हाच माशाला जास्त लागतो. त्यात गळाला दहा मिनिटं खेळवलेला मासा म्हणजे उन्हात पळवलेला म्हातारा.

आकडा ट्राउटचा आहे, मान्य. इंग्रजांनी 1900 च्या सुमारास काश्मिरात आणलेला थंड पाण्याचा मासा तो. पण आपल्या डोहात फक्त मरळ आहे का? रोहू-कटल्याला तुमच्या मरळासारखी हवा ओढता येत नाही. ते काय करतात?

वरणगावकर
ते जाळ्यात जातात, भाऊ. धरणाचा ठेका असतो, तिथे तुमची विनंती वाचून दाखवा.

भोईदादा
हां, आलंच शेवटी जाळ्यावर. तुम्ही रविवारी सावलीत बसून मासा धरता, फोटो काढता, तो छंद. आम्ही धरला की नदी मेली!

समुद्रावर 1 जून ते 31 जुलै बंदी असते, ती सगळे पाळतात. आम्हीही पहिल्या पुराला गाभोळीवाला मासा सोडतो. बाप सांगायचा, चढणीचा मासा मारला तर पुढच्या साली रिकामं जाळं झटकायचं. तुमच्यातले किती जण मृगात ओढ्यावर मरळाच्या लाल पिलांचा थवा बघून खालच्या नर-मादीला गळ लावतात? मी डोळ्यांनी पाहिलंय. राखणारे गेले की दोन दिवसांत पिल्लं साफ.

ऊन-पाण्याचं म्हणाल तर रोहू उन्हाळ्यात दुपारी मरत नाही, पहाटे मरतो. हिरवं पाणी झालेल्या डोहात चार-पाचच्या सुमाराला सगळे तोंड वर काढून उभे असतात. तेव्हा हाताने उचलून घ्या.

तीर्थन रिटर्न
दादा, हे खरंच माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्रभर पाण्यातला खातं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी. ट्राउटवाले तर "उन्हाळ्यात पहाटेच जा" म्हणतात, कारण तिथे पाणी वाहतं आणि पहाटे गार असतं. साचलेल्या डोहात तोच सल्ला उलटा बसतो. माझी चूक.

गिरणाकाठ
वाहत्या पाण्याचं आमच्याकडे बघा. गिरणा धरणाचं आवर्तन सुटलं की कोरड्या वाळूत पाणी धावतं, मासा वेडा होऊन वर चढतो, जामद्याच्या बंधाऱ्याखाली नुसती झुंबड. आठ दिवसांत पाणी बंद. मग डबकी, आणि डबक्यांत टोपल्या घेऊन पोरं. त्यात वाळू उपशाने डोहच राहिले नाहीत. लहानपणी आम्ही ज्या डोहात बांबू टाकून तळ शोधायचो, तिथे आज ट्रॅक्टर उभा असतो. गळ बंद करा म्हणे! गळ टाकायला पाणी कुठे आहे?

आणि पाणी गेलं कुठे हे विचारायचं धाडस कोणी करणार नाही, म्हणून मीच विचारतो. यावल-रावेरचे केळीवाले तापीकाठचं जमिनीखालचं पाणी सगळं ओढून घेतात.

केळीवाला यावल
काय बोलून ऱ्हायले तुम्ही? गिरणेचा माणूस तापीचा हिशेब मांडतो! आमच्याकडे आता केळी ठिबकवर आहे, थेंबाथेंबाचा हिशेब. तुमच्याकडे ऊस पाटाने भिजतो तो कोणी मोजायचा?

गिरणाकाठ
ठिबक लावलं म्हणून बोअर उथळ झाली का? तुमच्याच गावात माझी बहीण दिली आहे. तिच्या सासऱ्याची विहीर 60 फुटांवर भरलेली असायची. आता 600 फुटांचं बोअर हापसतंय.

केळीवाला यावल
अहो, केळी पावसाळ्याच्या तोंडाला लावा (मृगबाग) की पावसाळ्यानंतर (कांदेबाग), मेच्या लूमध्ये घड उभा करपतो, पानं फाटून चिंध्या होतात. पाणी नको तर काय देऊ, सरबत? मागच्या साली 45 अंशांत चार दिवस वीज नव्हती, निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, अर्धी बाग आडवी झाली. आणि इथे लोक माशाच्या धापेवर निबंध लिहून ऱ्हायले. जळगावच्या केळीला 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकनाचा टॅग) मिळाला तेव्हा छाती फुगवणारे हेच!

गिरणाकाठ
केळीला मिळाला हो, बोअरला नाही.

मरळप्रेमी
विषय मासे होता ना?

केळीवाला यावल
विषय केळीवाल्यांनी काढला नव्हता.

भोईदादा
दोघंही बरोबर आणि दोघंही नदी पिऊन मोकळे. भाऊ, ज्याले त्याले पाणी लागस, पन नदीले कोन पाणी देस?

वरणगावकर
हा धागा मी माशांसाठी काढला होता, पाटबंधारे खात्याच्या बैठकीसाठी नव्हे.

थोडं मागे येतो. मरळावरचं माझं म्हणणं कायम, त्याला उन्हाळ्याचं काही नाही. पण भोईदादांनी पिलांचं लिहिलं ते मला लागलं. गेल्या जूनमध्ये वाघूरच्या एका ओढ्यावर तो लाल थवा बघून मी बेडूक टाकला होता. लागलाही. घरी रस्सा झाला, फोटोही टाकला होता, तुम्ही सगळ्यांनी अंगठे दिले. तेव्हा कोणाला ताण आला नाही.

म्हणून माझा हट्ट असा: बंदी ठेवायची तर मृगापासून ठेवा, मृगापर्यंत नव्हे. उन्हाळ्यात रोहू-कटला लागला तर दोरी तोडून सोडेन, खेळवणार नाही. मरळ मात्र खाणार.

तीर्थन रिटर्न
दोरी तोडू नका, गळ तोंडात राहतो. उलटा काटा पक्कडीने चेपून ठेवा, हलकेच निघतो. आणि पाण्याबाहेर उचलू नका, फोटो पाण्यातच काढा. तेवढं कराल?

वरणगावकर
बघू. काटा चेपल्यावर मरळ सुटला तर तुमच्याकडून वसूल करीन. रविवारी या, पहाटे नको, 8 नंतर. थर्मामीटर तुमचा आणा, माझ्या फिशटँकमधले गोल्डफिश वाट बघतायत.

भोईदादा
8 नंतर मरळ सावलीत जातो. पण या, चहा मी पाजतो.

केळीवाला यावल
ते "सगळं ओढून घेतात" मागे घेतलं का अजून?