स्विंग "अंगात असतो" म्हणणाऱ्यांसाठी: मेट्रोनोम फेकून देऊ नका

चौथी तार
परवा इथेच एकाने लिहिलं होतं, "जॅझ गिटार शिकायची तर आधी मेट्रोनोम फेकून द्या. स्विंग अंगात असतो किंवा नसतो. यंत्राने उरलासुरलाही जातो." खाली धडाधड +१ पडले. (नवख्यांसाठी: स्विंग म्हणजे जॅझची झुलती लय, मेट्रोनोम म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र.) मला राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

हे वाक्य मी सात वर्षं खरं मानलं. खोलीत एकटा वाजवायचो आणि आपली लय उत्तम आहे असं समजायचो. मग पहिल्यांदा बास आणि ड्रम्सबरोबर बसलो. दुसऱ्या कोरसला (गाण्याच्या दुसऱ्या फेरीला) बासवाला थांबला आणि म्हणाला, "तू पळतोयस." मी भांडलो. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं, तर तोच बरोबर होता. आणि मी सगळीकडे पळत नव्हतो. अवघड शेप (कॉर्डसाठी बोटांची मांडणी) पुढे आला की डावा हात घाबरून आधीचा शेप लवकर सोडायचा. जिथे गप्प बसायचं तिथे मी काहीतरी भरायचो, आणि ते भरलेलं हमखास लवकर पडायचं. यात अंगात असण्या-नसण्याचा काय संबंध? हाताची सवय होती ती, आणि सवय मोडता येते.

१६० च्या टेम्पोला (मिनिटाला १६० मात्रा) मेट्रोनोम ८० वर लावा आणि ती टिक दुसऱ्या-चौथ्या मात्रेची समजा. जमलं की ४० वर आणा, म्हणजे बारात (चार मात्रांच्या आवर्तनात) एकच टिक, फक्त चौथ्या मात्रेवर. मधल्या तीन मात्रा तुमच्या जिवावर. आधार काढत न्यायचा असतो. टिकेला चिकटून बसणाऱ्यांचं वाजवणं कोरडं होतं हे मान्य, पण तो दोष यंत्राचा नाही.

मागची मात्रा
ते लिहिणारा मीच. नाव घ्यायचं होतं सरळ.

जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी हा चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाचे सोलो रेकॉर्डवरून कानाने बसवत शिकला. १९३९ ते १९४१ एवढ्याच काळातलं ख्रिश्चनचं वाजवणं आपल्याकडे आहे, १९४२ साली तर तो गेलाच. तेवढ्या ऐकण्यातून वेससारखा माणूस घडला, ४० वर टिक लावून नव्हे.

२०२२ साली गॉटिंगेनच्या संशोधकांनी मोजूनही दाखवलं: सोलो वाजवणारे मात्रेवरचा सूर साथीच्या किंचित मागे ठेवतात, दोन मात्रांमधला सूर मात्र साथीबरोबर पडतो. फरक साधारण ३० मिलिसेकंदांचा. तो ठेवला की ऐकणाऱ्यांना स्विंग जास्त जाणवतो. हे ३० मिलिसेकंद तुमच्या टिकटिकीत कुठे आहेत?

चौथी तार
मागे म्हणजे कशाच्या मागे? मात्रा नेमकी कुठे आहे हे ज्याला कळत नाही, त्याचा सूर कधी १० ने मागे पडेल, कधी ५० ने, कधी पुढेच. त्याला स्विंग म्हणत नाहीत. शिवाय तुम्हीच लिहिलंय की मधला सूर साथीबरोबरच पडतो. म्हणजे अर्धं काम नेमकेपणाचंच झालं.

आणि तुम्ही फक्त सोलोचं बोलताय. गिटारवाल्याचा बराच वेळ कॉम्पिंगमध्ये, म्हणजे कॉर्डने साथ देण्यात जातो. गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ साली जाईपर्यंत, मधला छोटा खंड सोडला तर, काउंट बेसीच्या बिग बँडमध्ये होता. चारही मात्रांवर सहा तारांचा भरघोस ठोका, आणि अख्खा बँड त्यावर उभा.

आर्चटॉप
सहा तारा? कुठे ऐकल्या तुम्ही?

इतका वेळ नुसती वाचत होते, पण हे चुकीचं पसरू नये. ग्रीनच्या हाताखाली शेप मोठा दिसतो, पण बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतो तो एखाददुसरा सूर, बहुतेकदा चौथ्या तारेवरचा. बाकी तारा डाव्या हाताने म्यूट केलेल्या. ॲम्प्लिफायर नाही, तारा फ्रेटपासून उंच. तो आवाज पितळी वाद्यांच्या मधून वाट काढतो, कारण तो अरुंद आहे.

कोरस पेडल
आर्चटॉप, हे जरा अतीच. १९३८ च्या छोट्या संचातलं त्याचं वाजवणं ऐका, कॉर्ड भरलेल्या आहेत. "एक सूर" हे आता फॅड झालंय. नवी मुलं चार तारा लावायलाही शिकत नाहीत.

आर्चटॉप
"बऱ्याच" लिहिलंय मी, "सगळ्या" नाही. वाचून उत्तर द्या.

आणि फॅड म्हणू नका, मी हे खांदा दुखवून शिकले आहे. बिग बँडमध्ये दोन वर्षं पाची-सहा तारा जीव तोडून वाजवल्या. रात्री हात वर होत नव्हता, तरी सगळे म्हणायचे गिटार ओढतेय. शेवटी ड्रमर शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तुझी कॉर्ड बरोबर सुरू होते, पण संपतच नाही." तेव्हा कळलं. दुसऱ्या-चौथ्या मात्रेला हाय-हॅट (ड्रम्समधली पायाने मिटणारी झांजांची जोडी) मिटतं, त्याच क्षणी डाव्या बोटांचा दाब सुटायला हवा. तार सोडायची नाही, फक्त दाब. तारा कमी केल्या आणि दाब सोडायला शिकले. एका महिन्यात तक्रार बंद. टेम्पो मी तसूभरही बदलला नव्हता. सूर कुठे थांबतो हे या धाग्यात अजून कोणी लिहिलेलंच नाही.

कोरस पेडल
खांद्याचं वाईट वाटलं. दाब सोडण्याचं मान्य. १९३८ बद्दल मात्र माझं मत तेच.

चौथी तार
आर्चटॉप, सहा तारांचं माझं चुकलं, मागे घेतो. सूर कुठे थांबतो हे मूळ लेखातच यायला हवं होतं.

मागची मात्रा
म्हणजे शेवटी ड्रमरच्या कानाने काम झालं, यंत्राने नाही. माझाच मुद्दा.

आर्चटॉप
नाही हो. ड्रमरने चूक दाखवली, पण ती सुधारली मी घरी, टिक लावूनच. ड्रमर रोज पहाटे माझ्या खोलीत कसा येणार?

मागची मात्रा (दोन दिवसांनी)
तुमचं पटलं असं समजू नका. रेकॉर्ड ऐकणं आधी, हे मी सोडणार नाही. पण काल बारा बारांच्या ब्लूजवर ते ४० चं करून पाहिलं. दहा बार नीट गेले. अकराव्यात टिक माझ्या नंतर आली.

चौथी तार
अकरावा म्हणजे टर्नअराउंड, पुन्हा सुरुवातीकडे नेणारी शेवटची वळणाची जागा. तिथे काहीतरी भरत होतात का?

मागची मात्रा
हो.