मदत हवी आहे: ९.९ची टू-स्ट्रोक आउटबोर्ड फक्त चोकवर चालते, पाण्याची धार बारीक, गियर तेल दुधाळ

खाडीकाठ

१८ फुटी फायबरची होडी. मागे ९.९ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटर: दोन सिलिंडर, एकच कार्ब्युरेटर, दोरीने स्टार्ट. वापर कर्ली खाडीत, फार तर देवबागच्या मुखापर्यंत. मेअखेर होडी वर ओढली आणि मोटर शेडमध्ये उभी ठेवली. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरवली, तर तीन तक्रारी:

१) चोक ओढल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला सुरू होते. चोक आत ढकलला की दहा-पंधरा सेकंदांत बंद. अर्ध्या थ्रॉटलच्या वर मात्र चोकशिवाय बरी चालते.

२) बाजूच्या भोकातून येणारी पाण्याची धार अगदी बारीक आहे. मागच्या वर्षी बोटाएवढी जाड यायची.

३) गियरचं तेल तपासायला खालचा स्क्रू जरा सैल केला, तर दूध घातलेल्या चहासारखं तेल आलं.

टाकीत मे महिन्यातलंच पेट्रोल आहे. इंजिनाच्या काळजीपोटी लिटरला ४० मिली तेल घालतो. दोन्ही प्लग काळे आणि ओलसर आहेत. हत्यारं बरी आहेत, हात चालतो, पण लेग (मोटरचा पंखा आणि गियर असलेला खालचा भाग) कधी खाली उतरवलेला नाही. सुरुवात कुठून करू?

सुकाणू

तीन तक्रारी म्हणजे तीन वेगळे बिघाड. एकातून दुसरा निघाला असं समजू नका, नाहीतर कार्ब्युरेटर साफ करूनही धार का वाढली नाही म्हणून डोकं धराल.

घाई गियर तेलाची आहे. तेलात पाणी शिरलंय आणि ते खारं आहे. बेअरिंगना गंज चढायला एवढं पुरे. तेव्हा दुरुस्ती उद्या करा हवी तर, पण ते तेल आजच काढा. आधी खालचा स्क्रू, मग वरचा. वरचा उघडल्याशिवाय तेल नीट उतरत नाही. सगळं उतरलं की तात्पुरतं नवं तेल भरून ठेवा, आतले गियर कोरडे राहू देऊ नका. खालच्या स्क्रूला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बघा. करड्या लोण्यासारखी बारीक पूड चालते, चकाकते तुकडे चालत नाहीत.

गियर तेलात पाणी येऊ न देणारे सील आणि पंपाचं रबर (थंड करायचं पाणी वर ढकलणारं पाकळ्यांचं चाक) दोन्हींसाठी लेग उतरवायचाच आहे, तर एकदाच उतरवून दोन्ही कामं उरका. कार्ब्युरेटर टेबलावरचं काम, ते मधल्या वेळात होतं.

तेलकट_हात

कार्ब्युरेटरचं मी सांगतो. चोकवर चालते, वरच्या थ्रॉटलला बरी चालते, खाली मरते: पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल पुरवणारी बारीक भोकाची पितळी नळी) तुंबलाय. चोक हवा कमी करून मिश्रण घट्ट करतो, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढवतो, म्हणून तेवढ्यापुरती चालते. मेन जेटचं भोक मोठं असतं, तो सहसा वाचतो. पायलटचं भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत उरलेलं पेट्रोल दोन-अडीच महिन्यांत उडून गेलं की खाली तेलाचा चिकट राप उरतो, तोच तिथे बसतो.

वाटीखालचा ड्रेन स्क्रू उघडून आधी काय निघतं ते पांढऱ्या वाटीत घ्या. हिरवट चिकटा किंवा पाण्याचे थेंब दिसले की शंकाच उरली नाही. मग कार्ब्युरेटर खाली घ्या. पायलट स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण जुळवणारा) काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवून किती फेरे होतात ते मोजा आणि लिहून ठेवा. दाबून टेकवलात तर सुईच्या टोकाला खाच पडते आणि मग आयडलिंग कधीच जमत नाही. काही कार्ब्युरेटरमध्ये पायलट जेटवर रबरी बूच असतं. ते न दिसल्याने लोक मेन जेट साफ करून परत जोडतात आणि "साफ केला तरी तेच" म्हणतात.

जेट बाहेर काढून उजेडाकडे धरा. गोल, स्वच्छ ठिपका दिसलाच पाहिजे. कार्ब क्लीनर मारा, अर्धा तास ठेवा, मग वायरच्या जुडग्यातली तांब्याची एक तार घाला. सुई किंवा स्टीलची पिन नको, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट फेकावा लागतो. कार्ब्युरेटरच्या घशाच्या भिंतीत थ्रॉटलच्या पट्टीजवळ दोन-तीन टाचणीएवढी भोकं असतात, त्यांतूनही क्लीनर आरपार गेला पाहिजे. क्लीनर डोळ्यांत उडतो, चष्मा लावा. वाटीचं आणि मागचं पॅकिंग नवं घाला. मागचं पॅकिंग फाटलं असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि लक्षण हुबेहूब हेच दिसतं.

आता तेलाचं. ४० मिली म्हणजे २५:१. हे प्रमाण नवीन इंजिनाच्या रनिंग-इनसाठी असतं. बहुतेक आधुनिक टू-स्ट्रोक आउटबोर्डना त्यानंतर ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, दहा लिटरला २०० मिली. तुमच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या, जुन्या मोटरचं वेगळं असू शकतं. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी नव्हे. त्याच जेटमधून तेल जास्त गेलं की पेट्रोल कमी जातं, वर प्लग काळे होतात. आणि तेल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच घ्या. बाइकचं २टी तेल गरम, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. पाण्यावर थंड होणाऱ्या मोटरमध्ये त्याची राख प्लगवर आणि रिंगांत साचते.

वल्हं

एवढा खटाटोप कशाला? धार बारीक आहे ती मोटर होडीबाहेर पाच मिनिटं चालवून बघा, भोकातली रेती आपोआप उडेल.

सुकाणू

वल्हं, हे कृपा करून कोणी करू नका. पंपाचं रबर पाण्यानेच वंगणतं. कोरडं फिरवलं तर मिनिटाच्या आत पाकळ्या जळून गोल होतात. बाहेर चालवायचीच असेल तर पिंपात, आणि पाण्याची पातळी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर पाहिजे.

खाडीकाठ, रबर बदलण्याआधी स्वस्तातली तपासणी: मोटर बंद करून धारेच्या भोकात गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घालून फिरवा. खाडीच्या तोंडाला रेती आणि मीठ मिळून तिथे बूच बसतं. मोटर तापतेय का ते हेडवर पाण्याचे दोन थेंब टाकून कळतं; चुरचुर करून उडाले तर खरंच तापतेय, तसेच राहिले तर धारेचं भोकच बुजलंय.

भोक मोकळं करूनही धार वाढली नाही तर रबरही बदला. लेगचे बोल्ट सहसा चार-पाच असतात, त्यातला एखादा पट्टीच्या आत किंवा झिंकच्या वडीमागे लपलेला असतो, तो सुटला नाही की लोक हातोडीने लेग ठोकतात. गियरची दांडी जोडणीतून आधी सोडवा. गियर काढताना ज्या जागी होता, बसवताना त्याच जागी हवा.

रबर शाफ्टवर अडकवणारी किल्ली छोटी असते, पडली की वाळूत शोधत बसाल, खाली कापड पसरा. नवं रबर घालताना शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, वरून बघून, फिरवत पंपाचा कप खाली दाबा, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकतात. पाकळ्यांना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा. कपाच्या आत किंवा खालच्या पत्र्यावर नखाला लागेल अशी खाच असेल तर नुसतं रबर बदलून धार पुरेशी सुधारणार नाही. शाफ्टच्या दातांना मरीन ग्रीस, पण वरच्या टोकावर ग्रीसचा गोळा नको, शाफ्ट क्रँकमध्ये पूर्ण बसत नाही.

खाडीकाठ

धारेचं भोक मोकळं केलं, थोडा फरक पडला, पण पूर्ण नाही. लेगचे दोन बोल्ट हलत नाहीत. पांढरी पूड जमलीय. लांब पाइप घालून जोर लावू का?

तेलकट_हात

पाइप लावलात तर डोकं हातात येईल आणि उरलेला बोल्ट लेगमध्ये. स्टीलचा बोल्ट, अॅल्युमिनियमचं अंग आणि खारं पाणी, म्हणून ती पूड. गंजरोधक स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा. बोल्टच्या डोक्यावर सरळ, मध्यम ठोके द्या. मग हॉट-एअर गनने बोल्टाभोवतीचं अंग गरम करा, बोल्ट नव्हे. अॅल्युमिनियम जास्त फुगतं आणि पकड सुटते. आगीची ज्योत नको, जवळ पेट्रोलचा पाइप आहे. प्रथम किंचित घट्ट दिशेला, मग सैल, पुन्हा घट्ट, असं पाव-पाव फेरा. परत लावताना धाग्यांना मरीन ग्रीस.

सीलकडे या. पंख्याची नट काढा, पिन नवी वापरा. पंख्यामागे शाफ्टवर नायलॉनच्या जाळ्याचा धागा गुंडाळलेला असेलच, आपल्या खाड्यांत सीलचा शत्रू नंबर एक तोच. सील दोन असतात, दोन्ही बदला. काढण्याआधी सीलचे ओठ (रबरी कडा) कुठल्या बाजूला आहेत त्याचा फोटो घ्या. शाफ्टवर जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवा सील मिलिमीटरभर वेगळ्या खोलीवर बसवा. पंपाखाली उभ्या शाफ्टचाही सील असतो, लेग उघडलाय तर तोही. ड्रेन स्क्रूंचे वॉशर दर वेळी नवे, कित्येकदा पाणी तिथूनच शिरतं.

जोडल्यावर तेल भरण्याआधी वरच्या भोकातून सायकलच्या पंपाने जेमतेम १० पीएसआय दाब द्या, लेग बादलीत बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. शाफ्ट हळूच फिरवूनही बघा. त्याहून फार जास्त दाब दिला तर चांगला सीलही उलटू शकतो. गियरचं तेल एसएई ९० हायपॉइड लिहिलेलं घ्या, खालच्या भोकातून भरत वरच्यातून बुडबुड्याशिवाय आलं की आधी वरचा स्क्रू, मग पटकन खालचा. ९.९ला साधारण पाव लिटर लागतं. पुष्कळ कमी गेलं तर आत हवा अडकलीय.

सुकाणू

पेट्रोलबद्दल. आता पंपावर मिळतं ते बहुतांशी ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पावसाळ्यात कोकणच्या शेडमध्ये ओलाव्याला काय तोटा! पुरेसं पाणी जमलं की इथेनॉल-पाणी खाली बसतं, आणि टाकीचा पाइप तळातूनच ओढतो. काचेच्या बाटलीत थोडं काढून अर्धा तास ठेवा, तळाशी वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल मोटरला घालू नका. थर दिसला नाही तरी मे महिन्यातलं पेट्रोल बदलाच. खाडीत मात्र ओतू नका.

पुढच्या वर्षी बंद ठेवण्याआधी गोड्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं चालवा, मग चालू असतानाच पेट्रोलचा पाइप काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालू द्या. तो पायलट जेट वाचेल.

खाडीकाठ

रबराच्या दोन पाकळ्या वाकून तशाच राहिल्या होत्या. पंख्यामागे जाळ्याचा धागा, बाहेरचा सील कापलेला. पायलट जेटवर बूच होतं, आत भोक दिसतच नव्हतं. सगळं बदललं, दाब टिकला, धार पूर्वीसारखी. आयडलिंग बरंच बरं, पण मधूनच कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा फट् आवाज येतो. आणि नवं: पूर्ण थ्रॉटलला दहा मिनिटांनी दम तुटतो, पेट्रोलच्या पाइपवरचा रबरी फुगा दाबला की पुन्हा उचलते.

तेलकट_हात

शिंक म्हणजे मिश्रण पातळ. मोटर तापलेली, होडी बांधलेली, गियरमध्ये, असं असताना पायलट स्क्रू आठवा-आठवा फेरा फिरवा. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्याने मिश्रण घट्ट होतं, हवेच्या बाजूला असेल तर आत घातल्याने. शिंक थांबली की आणखी आठवा फेरा त्याच दिशेला देऊन सोडून द्या.

दम तुटताना फुगा चपटा झाला का? चपटा असेल तर टाकीच्या झाकणावरची हवेची चकती बंद आहे किंवा तळातली जाळी बुजलीय. चपटा नसेल, आणि दाबल्यावरच चालत असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा. दोन-चार स्क्रू, पडदा आणि पॅकिंग मिळून किट मिळतं. आधी झाकण बघा, फुकटचं आहे.

खाडीकाठ

झाकणच होतं. चकतीत मीठ.